बाबांच्या नावातला कॅप्टन

व्हर्दी आत्याला एकच ध्यास होता: आपले डोळे मिटायच्या आत आपल्या आजोबांच्या कबरीवर त्यांच्या पलटणीचं नाव कोरायचं. हे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा अमॉस पर्डम, अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने शेवटच्या दिवसापर्यंत लढले, असं घरात छाती फुगवून सांगत. कुठल्या पलटणीत, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. अलाबामातल्या आमच्या डोंगराकडचे लष्करी कागद कधीच गहाळ झालेले. राजधानीत खेटे घालून आत्या रिकाम्या हाताने परतायची आणि माझे बाबा, तिचे धाकटे भाऊ, तिला डिवचायचे.

"ताई, मेलेल्यांची हजेरी कशाला घेतेस?"

"तू गप रे, स्टबलफिल्ड!"

बाबा चिडले. हे नाव त्यांच्या थोरल्या काकाचं, म्हणजे अमॉसच्या थोरल्या मुलाचं. शाळेत त्यावरून पोरांनी त्यांना फार पिडलेलं. सही करतानाही ते नुसतं 'एस.' लिहायचे. आत्या मात्र हाक मारून तशीच थबकली.

"अरे, हे तर कुणाचं तरी आडनाव! आपल्या कॅप्टनचं नाव लोक पोरांना ठेवायचे की नाही युद्धानंतर?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला तर हसूच फुटलं.

शेजारच्या परगण्यात स्टबलफिल्डांचं कब्रस्तान होतं. मे महिन्यात ते कबरी झाडून फुलं वाहतात, त्या रविवारी आम्ही ताकाचा गोड केक घेऊन हजर झालो. अशा जेवणावळीतून कुणी कुणाला हाकलत नाही. कॅप्टनची म्हातारी नात आत्याच्या ताटात कोंबडी वाढता वाढता म्हणाली, "पर्डम? म्हणजे आमच्या आजोबांनी घरी आणलेल्यातले!"

"घरी आणलेल्यातले?"

"युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात आजोबांच्या हाताखालची निम्मी पोरं गोवराने गेली. उरलेली आजोबांनी डोंगरातून परत आणली. मग युद्ध संपेपर्यंत गुहांत लपून राहिली. लोक पळपुटे म्हणायचे."

"आणि पलटण कुठली?"

"ते नाही सांगता येणार, बाई. आजोबा तिचं नाव काढू देत नसत."

आत्याचा चेहरा उतरला. परतताना गाडीत बाबाच म्हणाले, "ताई, आजोबा तिथेच राहिले असते, तर आज तू नसतीस आणि मीही नसतो."

पुढच्या रविवारी आमच्या घराण्याच्या कबरी सजल्या. अमॉसच्या दगडावर आत्याने कोरून घेतलं होतं: 'कॅप्टन स्टबलफिल्डने घरी आणला.'

नवे पाद्रीबाबा वाकून वाचत होते. "हे स्टबलफिल्ड कोण?"

आत्या तोंड उघडणार, एवढ्यात बाबा टोपी काढून पुढे झाले.

"मी," ते म्हणाले. "माझं नाव त्यांचंच आहे."