झोळी आणि मक्याची पोती

हरणाची शिंगं झोळीत अडकली होती आणि झोळीत माझी तीन महिन्यांची नात होती.

मी स्वयंपाकघराच्या काचेच्या दारात उभी होते. दोन्ही हात कणकेने भरलेले. बाहेर पॅटिओत, म्हणजे मागच्या छपराखालच्या ओट्यावर, तो नर मान हिसडत होता आणि प्रत्येक हिसड्याला झोळी छपराच्या तुळईला जाऊन आपटत होती. पोर आत रडत होती, पण दिसत नव्हती. दिसत होती ती फक्त माझी लाल साडी, तिच्यातून वर आलेली शिंगं आणि खाली सिमेंटवर घसरणारे खूर.

लोक म्हणतात, अशा वेळी आपोआप किंकाळी फुटते. मला नाही फुटली. मी बघत राहिले. दार उघडायचं असतं हेसुद्धा मला आठवेना.

हरणं त्या घराला नवी नव्हती. लेकीचं घर ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनकडे, स्प्रिंगफील्ड लेक्स नावाच्या वस्तीच्या अगदी कडेला. मागे तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे ओढा आणि झाडी. मी बाळंतपणासाठी आले आणि करोनाने विमानं बंद झाली. परत जायचं नाव नाही. जावई घरातूनच कंपनीचं काम करायचा. कानाला ते हेडफोन लावून दिवसभर एका खोलीत बोलत बसायचा आणि संध्याकाळी मागच्या अंगणात येऊन ओढ्याकडे बघायचा. थंडी पडली, गवत वाळलं आणि एका संध्याकाळी दोन माद्या कुंपणावरून उडी मारून आत आल्या. त्याने त्यांना गाजरं टाकली. झालं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर.

घोड्यांचं, कोंबड्यांचं खाणं विकणारं एक दुकान आहे तिकडे. तिथून तो मक्याची लहान पिशवी घेऊन आला. मका चांगला होता, केशरी, टपोरा, खडखडीत वाळलेला. मी म्हटलं, "हा माणसांना का नाही मिळत इथे?"

"आई, तुम्हाला दळून देऊ का?" तो म्हणाला.

"दे की. हरणाबरोबर मीही खाते. पंगत बसवू."

पिशवी आठवड्यात संपली. हरणं वाढली. मग तो मोठं पोतं आणायला लागला. त्या दिवसांत सगळेच साठा करत होते. गॅरेजमध्ये गाडी राहत नव्हती. तांदूळ, तूरडाळ, पीठ, तेलाचे डबे आणि संडासातल्या कागदाचे गठ्ठे छपरापर्यंत. पुन्हा सगळं बंद होणार अशी आवई उठली आणि जावई त्या दुकानातून ट्रेलर भरून मका घेऊन आला. एक पोतं उचलताना त्याला घाम फुटला होता.

लेक बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली. "अरे, वेडा आहेस का तू? हे कुणासाठी एवढं?"

"होलसेलमध्ये स्वस्त पडतं. आणि त्यांना सवय लागलीय आता. मध्येच बंद कसं करायचं?"

"मला डोहाळे लागले तेव्हा चिंच आणायला तुला वेळ नव्हता."

"तेव्हा शिफ्ट होती ना!"

"जावईबापू," मी म्हटलं, "माणसाची सोय आधी, मग जनावराची. ठेवणार कुठे?"

गॅरेजमध्ये मुंगीलाही जागा नव्हती. पोती पॅटिओत राहिली, भिंतीला लावून, एकावर एक.

मीही काही मागे नव्हते. गावी आमच्या घरात पहिली भाकरी गाईची. ती काढल्याशिवाय आम्ही जेवत नसू. इथे गाय कुठली? मी पहिली पोळी गार करून पॅटिओच्या पायरीवर ठेवायची. हरणं ती खायची. आधी कुंपणापाशी थांबणारी जनावरं त्या पोळीच्या वासाने पायरीपर्यंत यायला लागली. मला बरं वाटायचं. बरं वाटायचं म्हणून ठेवायची.

पोरीचं म्हणाल तर ती विकतच्या पाळण्यात झोपत नव्हती. तो पाळणा म्हणजे गजांचा पिंजरा. तिला त्यात टाकली की डोळे टक्क उघडे. दोन रात्री लेकीचे हाल पाहिले आणि मी झोळी बांधली. घरात बांधायला तुळई नाही, सगळं छत गुळगुळीत. पॅटिओला मात्र चांगली लाकडाची तुळई होती. नायलॉनची दोरी टाकली, साडी दुपदरी केली, मध्ये आडवी काठी घातली. झोळीला सहसा जुनी मऊ साडी घेतात. मी नवी, घट्ट विणीची घेतली. जुनी फाटेल अशी मला धास्ती होती. पोर त्यात गाढ झोपायची. थंडीतही दुपारी तिथे छान ऊन यायचं. तिला उन्हात टाकायची, एका हाताने झोका द्यायचा आणि मक्याच्या पोत्यावर बसून लसूण सोलायचा, असा माझा दिवस.

मग तो नर आला. इतके दिवस फक्त माद्याच यायच्या. हा आला तो चिखलात लोळून, अंगाला उग्र दर्प, आणि शिंगांवर गवताचे लांब झुपके लोंबत होते. लेक खिडकीतून बघून हसायला लागली.

"आई, बघ, मुंडावळ्या बांधून आलाय. नवरदेव!"

मला हसू आलं नाही. मी बैल पाहिलेत. "तो माजावर आलाय," मी म्हटलं. शेजारच्या गोऱ्या माणसानेही कुंपणावरून जावयाला काही सांगितलं. जावई घरात येऊन म्हणाला, "तो म्हणतोय, या सीझनला लांब राहा. नो वरीज, तो संध्याकाळीच येतो."

तो दुपारी आला.

मी कणीक मळायला आत गेले होते. पोर झोळीत झोपलेली, झोळीशेजारी पोती. वरच्या पोत्याचं तोंड आदल्या संध्याकाळी जावयाने उघडलं होतं आणि तसंच ठेवलं होतं. नराने मान खाली घालून त्यात तोंड घातलं असणार. मान वर केली तेव्हा शिंगं साडीच्या पदरांत गेली. मी वळून पाहिलं ते त्यानंतरचं.

लेकीने पाहिलं आणि ती किंचाळली. त्या किंचाळण्याने मला दार आठवलं. मी बाहेर गेले आणि झोळीखाली दोन्ही हात घालून तिला छातीशी धरलं. नर मला ओढत होता, सोडत होता, पुन्हा ओढत होता. त्याचा डोळा माझ्या डोळ्याजवळ होता आणि त्यात माझ्यापेक्षा जास्त भीती होती. साडी फाटत नव्हती. मीच तर निवडली होती.

लेक सुरी घेऊन मक्याच्या पोत्यांवर चढली. पालीला घाबरणारी माझी लेक. तिने वरून दोरी कापायला घेतली. जावई कानाला हेडफोन तसाच, धावत आला आणि त्याने शिंगच धरलं. शिंगाचं टोक त्याच्या तळहातातून आरपार गेलं. तो ओरडला ते मी ऐकलं, पण त्याने शिंग सोडलं नाही.

दोरी तुटली. मी पोरीसकट पाठीवर पडले. नराने उसळी घेतली, साडी आमच्या अंगाखालून सर्रकन निघून गेली, पोती लेकीसकट कोलमडली आणि उघड्या पोत्यातला मका आमच्या अंगावर सांडला. तो नर लाल साडी शिंगांवर घेऊन कुंपणाकडे गेला. कुणी बघितलं नाही पुढचं.

पोर माझ्या छातीवर होती. रडत नव्हती.

मला वाटलं, घाबरून गप्प झाली. मी तिच्या तोंडावरचा मका झटकला. तोंड उघडं होतं. ओठ जांभळे पडत होते. छाती आत ओढली जात होती आणि आवाज येत नव्हता.

"दाणा," मी म्हटलं. "दाणा गेलाय आत."

जावयाने चांगल्या हाताने फोन लावला. तिकडून बाई इंग्रजीत सांगत होती, तो मोठ्याने तेच म्हणत होता. लेकीने पोरीला माझ्या अंगावरून उचललं, मांडीवर पालथी घातली, डोकं खाली केलं आणि पाठीवर थापट्या मारायला लागली. तळहाताने, जोरात. तीन महिन्यांच्या पोरीला एवढं मारलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी तिचा हात धरायला गेले.

"आई, लांब हो!"

मी झाले लांब. लेकीने पोरीला उलटवलं, छातीवर दोन बोटं दाबली, पुन्हा पालथी घातली. जावई आकडे म्हणत होता आणि त्याच्या हातातून रक्त मक्यावर गळत होतं. मी तिथेच बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की आत कणकेला पाणी जास्त झालंय. हे मी खरं सांगते. दुसरं काही नव्हतं डोक्यात.

दाणा सिमेंटवर पडला. पडल्याचा आवाज आला. मग पोर रडली.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. आतल्या माणसांनी नाकातोंडाला बांधलेलं, अंगावर निळे झगे. करोनामुळे बाळाबरोबर एकच माणूस, असा नियम. लेक गेली. जावयाला शेजारच्याने आपल्या गाडीतून नेलं, काचा उघड्या ठेवून. मी एकटी राहिले. पॅटिओभर मका. मी झाडू घेतला आणि मग ठेवून दिला. कणीक फेकून दिली.

अंधार पडताना लेकीचा फोन आला. फोटो काढले, छातीत काही राहिलेलं नाही, डोक्यालाही मार नाही, आजची रात्र ठेवून घेणार आहेत.

"तू जेवलीस का?" तिने विचारलं.

"नाही."

"जेव मग."

पलीकडून पोरीचं रडणं ऐकू येत होतं. मी तिला म्हटलं, फोन ठेवू नकोस, नुसता बाजूला ठेव. तिने ठेवला. मी ते रडणं ऐकत स्वयंपाकघरात जमिनीवर बसले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्याने जावयाला ओढ्याकडे नेलं. ओढ्यापलीकडच्या तारेच्या कुंपणाला साडी पिळा पडून बसली होती आणि तिच्याशी तो नर मान मोडून पडला होता. जावयाने हाताला पट्टी असताना एका हाताने साडी कापून काढली. घरी आणली नाही. उरलेली पोती दुकानदाराने परत नेली.

जावयाची दोन बोटं अजून वळत नाहीत. माझी पाठ गेली ती गेलीच. हरीण मेलं. नात जगली.