आपांचा पिवळा फॉर्म

वळसंगहून फोन आला तेव्हा शनिवारची सकाळ होती आणि मी मंडईतल्या आमच्या मंडळाच्या पायरीवर बसून एका हमालावर डाफरत होते, कारण त्याने अर्जावर सहीच्या जागी स्वतःच्या गावाचं नाव लिहिलं होतं. फोनवर चाँदआपांच्या भाच्याची बायको होती. "बाई, आपा गेल्या... काल दुपारी." दफनही झालं होतं. महिनाभर अंथरुणाला खिळून होत्या, पण मला कळवायचं नाही असं त्यांनीच बजावलं होतं म्हणे, बाई उगाच उन्हातान्हाच्या धावत येतील म्हणून. मी फोन ठेवला, सवयीने त्या हमालाचा अर्ज दुरुस्त केला, आणि मग तिथेच, भर बाजारात, रडले. त्याला आता पाच आठवडे झाले.

सोलापूरच्या आमच्या त्या जुन्या दगडी मंडईत खाली ओटे आहेत आणि वर, कौलांखाली, नऊ-दहा खोल्या. कधीकाळी पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या या खोल्यांत पुढे हमाल, भाजीवाल्या, विधवा बायका अशी ज्यांना दुसरीकडे थारा नाही ती माणसं राहू लागली. त्यांच्यासाठी आम्ही काही जणांनी एक मंडळ काढलं. औषधपाणी बघायचं, गळकी कौलं बदलून घ्यायची, पोरांचे शाळेचे दाखले मिळवायचे, आणि मुख्य म्हणजे अर्ज लिहायचे. मी मराठीची निवृत्त शिक्षिका, त्यामुळे अर्जांचं काम माझ्याकडे. मंडळाला नाव होतं, पावतीपुस्तक होतं, पण मंडळाची खरी मुळं रुजली ती आपांमुळे. वरच्या खोल्यांतलं एकही दार आमच्यासाठी उघडत नव्हतं तेव्हा त्या माझा हात धरून दारोदार हिंडल्या. कोण उपाशी आहे, कुणाचा नवरा मारतो, कुणाच्या पोरीला ताप आहे, हे मला त्यांनीच सांगितलं.

आपा लिंबं विकायच्या. पोत्यावर पाच-पाच लिंबांचे वाटे मांडायच्या आणि गिऱ्हाईक निघालं की त्याच्या पिशवीत सहावं टाकायच्या, मागितलं नसलं तरी. माझा स्वभाव तिखट. मी त्यांचं बोलणंसुद्धा दुरुस्त करायची. आपा, 'हितं' नाही, 'इथं'. 'हाय' नाही, 'आहे'. त्या हसून म्हणायच्या, "माजं मराठी नीट करून लिंबू गोड व्हनार हाय का, बाई?" आणि मला चहाला वर न्यायच्या. त्या खोलीत मी किती चहा प्यायले असेन... निळ्या रंगाची भिंत, एक ट्रंक, खिडकीत लोणच्याची बरणी. चाळीस वर्षं त्या तिथं राहत होत्या. हे मला ठाऊक होतं. माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

मंडईची डागडुजी ठरली तेव्हा कचेरीतून दोन प्रकारचे फॉर्म आले. पांढरा राहणाऱ्यांचा, पिवळा नुसत्या विकणाऱ्यांचा. माणसागणिक एकच. पांढरा भरला त्याला काम झाल्यावर खोली परत मिळणार होती, पिवळा भरला त्याला ओटा. लोकांना वाचता येत नाही, तेव्हा फॉर्म आमच्या मंडळानेच भरावेत असं ठरलं आणि मी मोठ्या तोऱ्यात ते अंगावर घेतलं. सकाळपासून पायरीवर रांग. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते: इथं काय करता आणि किती वर्षं? उत्तर ऐकायचं, रंग बघायचा, भरायचं. आपांनी सगळ्यांना पुढे घातलं आणि स्वतः शेवटी आल्या. माझी मान मोडून आली होती. वर न बघताच मी तोच प्रश्न विचारला. "चाळीस वर्सं हितंच बसते की," त्या म्हणाल्या.

मंडईत विकणारं माणूस 'विकतो' म्हणत नाही, 'बसतो' म्हणतं. ते मला पाठ होतं. हात आपोआप पिवळ्या गठ्ठ्याकडे गेला. मी लिहिलं, वाचून दाखवलं, आपांनी मान डोलावून अंगठा उठवला. आयुष्यभर पोरांना मी सांगत आले, की क्रियापदाकडे लक्ष द्या. आणि त्या दिवशी मी क्रियापदाकडे लक्ष दिलं, माणसाकडे दिलं नाही.

यादी लागली तेव्हा वरच्या खोल्यांत आपांचं नाव नव्हतं. मी त्यांच्यावरच उखडले. 'राहते' म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? त्या म्हणाल्या, "राहनं म्हंजे नवऱ्याच्या घरी, बाई. तितनं त्यानं काडलं, तवापासनं मी बसलेलीच की." नवऱ्याने टाकलेल्या बाईला आपल्याकडे 'बसलेली' म्हणतात. चाळीस वर्षं त्या निळ्या भिंतीत संसार मांडूनही आपांनी स्वतःला 'राहते' हा शब्द कधी लावला नव्हता. मी भाषेची एवढी मिजास करणारी बाई, पण हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आम्ही हरकत घेतली. सुनावणीला जाताना रिक्षात मी आपांकडून एकच वाक्य घोकून घेतलं, 'मी वर राहते, फॉर्म लिहिताना चूक झाली.' साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने पिवळा कागद समोर ठेवला आणि शांतपणे विचारलं, आजी, यात लिहिलंय ते बरोबर आहे का? आपांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाईनी लिवलंय ते खरं हाय," त्या म्हणाल्या. मी चूक माझी, चूक माझी म्हणत राहिले, पण खुद्द अर्जदारच असं म्हटल्यावर त्याने तरी काय करावं.

बाहेर आल्यावर मी त्यांना नाही नाही ते बोलले. वेड लागलंय का, इथपर्यंत. त्यांनी पदराने माझा घाम पुसला. "वरचे समदे कागद तुमच्याच अक्षरात हायत. माजा एक चुकीचा निगाला तर सगळ्यांचे काडून बगतील. लेकराबाळांची घरं हायत ती, बाई. मी काय, एकटी."

आपा वळसंगला भाच्याकडे गेल्या. त्याचंही घर दोन खोल्यांचं. माझ्याकडे या, असं मी म्हणाले होते... एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायचं राहून गेलं. काम पुरं झालं, आणि माणसं आपापल्या खोल्यांत परतली. कुणाचाही कागद कुणी काढून बघितला नाही. आपांना पिवळ्या फॉर्मावर ओटा मिळाला आणि दर शनिवारी पिशवीभर लिंबं घेऊन त्या एसटीने यायच्या. जिन्याकडे मात्र कधी बघायच्या नाहीत. मी चहाला चला म्हटलं तर खालच्या टपरीवर यायच्या. शेवटचे चार शनिवार आल्या नाहीत, तेव्हा ऊन फार आहे म्हणून नसतील येत, असं मी धरून चालले. मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्यांची खोली आता बंद आहे. यादीत त्या खोलीपुढे कुणाचंच नाव नाही म्हणून ती कुणालाच मिळाली नाही. परवा मी वर जाऊन दाराच्या फटीतून पाहिलं. भिंतीला नवा पांढरा रंग दिलाय. मी आता फॉर्म भरताना दोन प्रश्न विचारते, बसता कुठं आणि राहता कुठं. लोक वैतागतात. आपांना विचारायचा होता तो प्रश्न मी आता साऱ्या मंडईला विचारते आहे, आणि त्याचा आपांना काडीचा उपयोग नाही.

गेल्या शनिवारी मोहोळकडची एक बाई मेथीच्या जुड्या घेऊन आली. आपांच्या ओट्यावर त्यांचं पोतं अजून घडी करून ठेवलेलं आहे. तिने ते बाजूला सारायला हात घातला, तसा पलीकडचा कांदेवाला, जो वरच्या खोलीत राहतो, तो चटकन म्हणाला, "तितं नको, मावशी. तितं आपा बसत्यात."

ती बाई निमूट पुढच्या ओट्याकडे गेली. कांदेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. वर्तमानकाळ चुकला होता. मी दुरुस्त केला नाही.