बुजवलेली खिडकी

निवृत्तीनंतर मी ओळखीचं कुणी नसलेल्या एका गावात दोन खोल्यांचं जुनं घर घेतलं. स्वयंपाकघरात भर दुपारीही दिवा लावावा लागे. दुरुस्ती काढली, तेव्हा भिंतीवर हातोडी ठोकता ठोकता गवंडी सलीमभाई थांबले. "बाई, इथं पूर्वी खिडकी असणार. कुणीतरी बुजवलीय."

विटा निघाल्या आणि ओट्यावर ऊन आलं. पलीकडच्या अंगणात शेजारच्या सुमनताई मिरच्या वाळत घालत होत्या. त्या उठून जवळ आल्या.

"आमच्या सासूबाईंचं आणि इथल्या पहिल्या मालकिणीचं भांडण झालं होतं, तेव्हापासून बंद होती," त्या म्हणाल्या. "कशावरून झालं, ते आता कुणालाच ठाऊक नाही."

भांडणाऱ्या दोघी कधीच गेल्या, आणि त्यांचा राग मात्र इतकी वर्षं उजेड अडवून उभा राहिला. तो काढायला एक सकाळ पुरली. आपणही कुठं कुठं असं काय काय बुजवून ठेवलं असेल, असं मनात आलं. या गावात माझं कसं होईल, ही धास्तीही त्या उन्हात जरा कमी झाली.

"गज बसवायचे ना?" सलीमभाईंनी विचारलं.

"बसवा," मी म्हटलं. "पण मधून भाजीची वाटी जाईल, एवढं अंतर ठेवा."