भवानीच्या वेळचा अडकित्ता

मला अडकित्त्यांचं वेड आहे, आणि मी सुपारी खात नाही. डोंबिवलीतल्या माझ्या दोन खोल्यांत एकसष्ट अडकित्ते आहेत आणि माणूस मी एकटी. बँकेतून निवृत्त झाले, पाठोपाठ आई गेली, आणि रविवार फार लांबायला लागला. म्हणून सकाळीच रिक्षा पकडून कल्याणला जुन्या सामानाच्या एका दुकानात जायची सवय लागली.

दुकानदार साधारण माझ्याच वयाचा. शटर वर गेलं की तो माझ्यासाठी स्टूल पुसायचा, चहा सांगायचा. "ताई, तुमच्या हातची भवानी झाली की दिवस चांगला जातो," म्हणायचा. दिवसाच्या या पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती पाठवायचं नाही आणि त्याच्याशी घासाघीसही करायची नाही, हा त्याच्या वडिलांपासूनचा नेम. म्हणून भाव तो मलाच विचारायचा. आठवड्यात माझ्याशी तासभर बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मात्र मी तेव्हा कबूल केलं नसतं.

गेल्या दिवाळीआधी त्यानं पितळी भांड्यांच्या ढिगातून एक काळाठिक्कर अडकित्ता काढून दिला. घोड्याच्या तोंडाचा. मी अंगठा फिरवला तर काजळीखाली चांदीच्या तारेची नक्षी बोटाला लागली. असला अडकित्ता मी फक्त फोटोत पाहिला होता. चेहरा मात्र हलू दिला नाही. तीस वर्षं काउंटरवर बसून तेवढं येतं.

"तुम्हीच सांगा ताई, काय द्यायचं ते. मला यातलं कळत नाय, तुम्हाला कळतं."

"तीनशे," मी म्हटलं.

त्यानं नोटा डोळ्यांना लावल्या.

घरी येऊन खोबरेलाच्या बोळ्यानं हळूहळू पुसला तशा चांदीच्या वेली वर आल्या. इतका सुंदर होता तो, आणि दाखवायला कुणी नव्हतं. शेवटी संग्राहकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. माजिवड्याच्या एका गृहस्थांनी लगेच चाळीस हजार देऊ केले. वर लिहिलं, दुकानदाराला स्वतःचा माल ओळखता येत नसेल तर तो त्याचा दोष. मीही इतकी वर्षं हेच म्हणत आले होते. दुकानदार तरी कुठे धुतल्या तांदळाचा असतो? तोही कुणा म्हातारीकडून किलोच्या भावानं उचलतो. आपण चोरावर मोर. पण त्या दिवशी हे सगळं मी ओट्यापाशी उभं राहून स्वतःलाच मोठ्यानं समजावत होते, आणि ते काही केल्या पटेना. त्यानं मला गिऱ्हाईक म्हणून विचारलंच नव्हतं. आपलं माणूस म्हणून विचारलं होतं. मला लाज वाटली.

दोन रविवार मी तिकडे गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी अडकित्ता रुमालात बांधून नेला आणि सगळं सांगून टाकलं, चाळीस हजारांसकट. म्हटलं, एक तर हा परत घ्या, नाहीतर वरचे पैसे घ्या.

त्यानं रुमाल सोडून अडकित्ता पाहिला, बराच वेळ पाहिला. मग गाठ त्यानंच परत मारली.

"भवानीचा माल परत नाय घेत, ताई. पैसे पण नकोत. मीच बोललेलो ना, तुम्हीच सांगा म्हणून."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

स्टूल त्यानं पुसलं होतं. चहाही आला. उठताना काहीतरी घ्यायचं म्हणून मी एक साधा लोखंडी अडकित्ता उचलला आणि सवयीनं थांबले, तो विचारेल म्हणून.

"दोनशे चाळीस," तो म्हणाला.

मी तेवढे मोजून दिले. अजूनही दर रविवारी जाते. भाव तोच सांगतो.