बद्रीनानाचं भाषण आणि म्हशीचा पान्हा

चकलांब्यात बातमी अशी होती, की बद्रीनाना ठार बहिरा झाला. बीडच्या डॉक्टरनं दोन्ही कानांवर वाट्यांएवढी मशीन बसवलीय, ती काढली तर शेजारी ट्रॅक्टर सुरू झाला तरी नानाला पत्ता लागत नाही. लोक त्याच्याशी हातवारे करून बोलायला लागले.

साफ खोटं. नानाचे कान शाबूत आहेत. चार घरं सोडून कुणी त्याला नावं ठेवली तरी बरोब्बर ऐकू येतात. ती मशीन म्हणजे बिनवायरचा हेडफोन, आणि तो लागला कशाला, तर नानाला नानाचंच भाषण ऐकायला.

नाना आमच्या दूध सोसायटीचा संचालक. दुष्काळानं गावातलं दूध आटलं, सोसायटीचे कॅन अर्धेमुर्धे जायला लागले, नाना तेवढा आटला नाही. वार्षिक सभेत, टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या सभासदांना त्यानं दुष्काळ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पुतण्याकडून ते मोबाइलात भरून घेतलं. मग रोज संध्याकाळी गोठ्यासमोर बाज टाकायची आणि पूर्ण आवाजात लावायचं. "सभासद बंधू-भगिनींनोऽऽ!" नक्कल करायची तर यातला शेवटचा ओ नाकातून काढायचा आणि मधेच खाकरायचं, की झाला नाना तयार.

घरात एकच दुभती म्हैस, धारेची वेळ तीच. भाषण सुरू झालं की म्हैस पान्हा चोरायची. केसरकाकू, म्हणजे नानाची बायको, चरवी घेऊन उठल्या.

"आवो, मुक्या जनावराला तर सोडा! कानात कोंबून ऐका, न्हाईतर या घरात ऐकायचंच न्हाई."

नाना घाबरला. ते भाषण ऐकणारा गावात एकच माणूस होता, आणि त्याच्यावरच आता घरात ऐकायची बंदी येणार होती.

गेवराईत शहादेवचं मोबाइलचं दुकान आहे. त्यानं तीन नमुने दिले, पसंत पडेल तो ठेवा म्हणाला. नाना तपासणीला बसला, तेही गोठ्यातच, आणि शेजारचा म्हणून मला साक्षीला बसवलं. म्हशीनं दूध सोडलं तर माल पास, चोरलं तर नापास. दुधाची फॅट बघणाऱ्यांना याहून सरळ माप सुचत नाही.

पहिला शेंगदाण्याएवढा. नाना वाकला की तो कडब्यात. दुसरा कानावर बसला, पण ऐकणारा एकटा नाना आणि ऐकू येतंय अख्ख्या गल्लीला. म्हशीनं शेपूट आपटली. तिसरा गादीवाला, मोठा. मी नानाच्या गालाला गाल लावून बघितलं, बाहेर चकार शब्द नाही. तरी म्हैस दूध देईना.

कारण नाना! कान बंद झाल्यावर गडी भाषणासोबत स्वतःच बोंबलायला लागला. खाकरणं सुद्धा सोडलं नाही. "पानी द्या रे कुनीतरी!" असं सभेत म्हणाला होता, तर गोठ्यातही म्हणाला. काकूंनी खरंच तांब्या आणला.

"मशीन खराब हाय," नानाचा निकाल. "आवाज बाहीर फुटतोय."

"नाना, फुटतंय ते तुमचं तोंड."

"गप बे! मी एक शबूद बोल्लो न्हाई."

काकू म्हणाल्या, "उद्याच्या धारंला दूध न्हाई आलं, तर तिन्ही परत."

मी नानाला म्हटलं, "भाषण संपंस्तोवर तोंड मिटून बसलात, तर आठ दिवस टँकरच्या रांगेत तुमचे हंडे मी धरतो." फुकटात जिंकायची पैज होती. हा माणूस मयताला गेला तरी चार शब्द बोलल्याशिवाय उठत नाही.

दुसऱ्या दिवशी नाना गादीवाला चढवून बसला. दात आवळलेले, मान ताठ. भाषणातल्या त्याच्या लाडक्या जागेला तोंड उघडलं. मी हसायच्या तयारीत. पण त्यानं ते तसंच मिटलं. दोन्ही हातांनी गाद्या कानांवर दाबून धरल्या आणि डोळे मोठे केले. तिकडं चरवीत धार वाजायला लागली. काकू म्हशीकडं बघायच्या सोडून नवऱ्याकडंच बघत राहिल्या.

संपल्यावर नानानं हेडफोन काढला.

"आप्पाराव चेअरमन मागून काय बोल्लं, ठावं हाय का तुला? 'ह्याचं चालू द्या, तवर च्या सांगा.' आन् कुनीतरी घोरतंय बे. पार शेवटापस्तोर!"

इतके दिवस स्वतःच्या आवाजाखाली त्याला दुसऱ्या कुणाचा ऐकूच आला नव्हता. मला वाटलं, आता हा सुधारला.

नाना विचार करून म्हणाला, "माईकच बारका होता. पुढच्या सभंला मोठा सांगतो."

गादीवाला पास झाला. मी आठ दिवस टँकरच्या रांगेत. हंडे चार निघाले, तेही पितळी. काकूंनी वरून एक कळशी ठेवली.