सोनेरी कार्ड वाचवायला केलेली दिल्लीची फेरी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलं नाही म्हणून नव्हे. शिनोलीला गेलो की कुणी ना कुणी ती माझ्यासमोरच कौतुकानं सांगतं, आणि मी चहाच्या कपात बघत बसतो. खरं काय घडलं ते फक्त मला माहीत आहे. आता सत्तरी उलटली, म्हणून लिहून टाकतो.

माझं गाव महाळुंगे पडवळ. थोरली बहीण, आमची अक्का, शिनोलीला दिलेली. मी शीतगृहांची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत होतो. मंचरच्या बटाट्यापासून सुरुवात केली आणि पुढे कंपनीच्या खर्चानं देशभर उडू लागलो. इतका उडालो, की विमानवाल्यांनी मला एक सोनेरी कार्ड पाठवलं. विमान तेच, उशीर तोच, खुर्चीही तेवढीच अरुंद. पण चढताना माझी रांग वेगळी. इतरांच्या आधी आत जायचं आणि मग त्यांच्याच बरोबर धावपट्टीवर ताटकळायचं, असा तो मान होता. जास्तीचं सामान फुकट जायचं. शिवाय लाउंज. तिथं गार इडली आणि कोमट कॉफी मिळायची, आणि काचेपलीकडे बसलेल्या जनतेकडे दयेनं बघता यायचं. इडलीपेक्षा मला तेच जास्त रुचायचं.

कार्ड मात्र दरवर्षी नव्यानं कमवावं लागे. ठरलेल्या फेऱ्या भरल्या नाहीत, की झालात तुम्ही जनता. अक्काच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं त्या डिसेंबरात माझी एक फेरी कमी पडत होती आणि कंपनीकडे बाहेरगावचं काम नव्हतं. मग मी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या खिशातून, दिल्लीचं तिकीट काढलं. हळदीच्या दिवशी सकाळी जायचं, रात्री परतायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी लग्नात उभं राहायचं. दिल्लीत काम काय? काही नाही. उतरायचं, लाउंजमध्ये जेवायचं आणि परत चढायचं. आमच्याकडचा बैलसुद्धा इतका निरर्थक फेरा मारत नाही. निदान त्याच्यामागे नांगर तरी असतो.

आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा आणतो. भटजी माइकवरून पुकारतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," आणि मंगलाष्टका संपेपर्यंत मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. अक्काला सख्खा भाऊ मी एकटाच. माझ्यासाठी तिनं फेटा आणून ठेवला होता.

दिल्लीत धुकं पडलं. विमानवाले उशीर एकदम सांगत नाहीत. हलणाऱ्या दातासारखा थोडाथोडा पुढे ढकलत राहतात. शेवटी विमान रद्द झालं. पुढचं दुसऱ्या दिवशी दुपारी. मी काउंटरवर सोनेरी कार्ड ठेवलं. तिथल्या तरुणानं ते दोन्ही हातांनी घेतलं, आदरानं नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, धुकं सगळ्यांना सारखंच आहे."

सकाळी अक्काचा फोन आला. मागे बँड वाजत होता.

"भाऊ, कुठवर आलास? मंचर सोडलं का?"

"अक्का, मी दिल्लीत अडकलोय."

"दिल्लीत? आरं, आजच्या दिशी तिकडं काय काढलंस?"

"अर्जंट मीटिंग होती. लई वरच्या लोकांची."

ती म्हणाली, "बरं. काम आधी. तू नको जिवाला लावून घेऊ. आमी बघतो."

तिनं बघितलंच. एका चुलत भावाला पुढे केलं, आणि सासरची मंडळी कुजबुजायच्या आत माइकवरून जाहीर करायला लावलं, की मुलीचे मामा दिल्लीला महत्त्वाच्या बैठकीत आहेत. मंडपात म्हणे टाळ्या पडल्या. त्या वेळी मुलीचे मामा लाउंजमध्ये पनीर खात होते.

कार्ड वाचलं. पुढच्याच वर्षी नियम बदलले. आता फेऱ्या मोजणार नव्हते, खर्च मोजणार होते. आणि मी तर निवृत्तीला टेकलेलो. 'आपल्या निष्ठेची आम्हाला कदर आहे,' असं कळवून त्यांनी मला निळं कार्ड दिलं. निळं कार्ड खिशात ठेवता येतं. त्याचा तेवढाच उपयोग.

यंदाच्या हिवाळ्यात अक्काला घेऊन बंगळूरला निघालो. भाची आता तिथं असते. अक्काचा हा पहिलाच विमानप्रवास. पुण्याच्या विमानतळावर तिची बॅग काट्यावर ठेवली आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, "वजन जास्त आहे. पैसे भरावे लागतील."

"काय भरलंयस यात?" मी विचारलं.

"नवा तांदूळ. पोरीला तिकडचा ग्वाड लागत न्हाई. तुझं ते सोन्याचं कार्ड दाव की!"

"ते बंद झालं, अक्का."

"बंद कसं झालं?" ती माझ्याकडून काउंटरकडे वळली. "बाई, हा कोन हाय ठावं हाय का? तुमच्या इमानानं दिल्लीला कामाला गेल्ता, म्हनून सख्ख्या भाचीच्या लग्नाला न्हाई आला. एकुलता एक मामा! आन तुमी याला तांदळासाठी आडवता व्हय?"

मागची रांग माझ्याकडे आदरानं बघू लागली. मुलगी ओशाळून म्हणाली, "सॉरी सर, सिस्टीममध्ये तुम्ही साधेच दिसताय." त्या यंत्राइतकं खरं माझ्याबद्दल कुणीच बोललं नव्हतं. मी खाली बसून बॅग उघडली आणि तांदळाची एक पिशवी काढून हातात घेतली. पुढे तपासणीत अक्काची लोणच्याची बरणी गेली. "खा म्हनावं, पर बरनी तेवढी द्या," असं ती त्या जवानाला सांगत होती.

विमानात तिला खिडकी दिली. तांदूळ मांडीवर घेऊन मी मधल्या खुर्चीत बसलो. ढग खाली गेल्यावर म्हणालो, "अक्का, लग्नाच्या वेळी मी दिल्लीला गेलो होतो ना..."

"आता कशाला ते?" तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "तवा भावकीतल्या बाया टोचायच्या मला, भाऊ आला न्हाई म्हनून. मी सांगायची, माझा भाऊ तुमच्या भावांवानी रिकामा न्हाई. त्याच्यावर गप बसल्या त्या. आजून गप हायत."

एवढी वर्षं ती ज्या आधारावर ताठ उभी होती, तो मी लाउंजमध्ये बसून रचलेला होता. तो काढून घेतला, तर माझं मन हलकं होणार आणि अक्का त्या बायकांपुढे उघडी पडणार. तेवढ्यात पाण्याची गाडी आली. मी पाणी घेतलं, आणि त्या घोटाबरोबर तोंडात आलेलं वाक्य गिळलं: अक्का, दिल्लीत माझं काहीच काम नव्हतं, मला माफ कर.