तिसऱ्या हाकेची ओ

पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी एक नियम होता. बाहेरून कोणी नावानं हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसऱ्यांदा आली तरच ती माणसाची हाक. बाकी जे काही असतं ते एकदा बोलावतं, फार तर दोनदा, असं आई सांगायची. या नियमापायी आमच्या दारातून पोस्टमन किती वेळा परत गेला असेल, देव जाणे. पुढे मी कॉम्प्युटर शिकले, सर्व्हर बसवायची कामं घेऊ लागले आणि या नियमाला पोटभर हसले.

हसताना हे लक्षात आलं नाही की पोटासाठी मी तेच करत होते. बीरगांवच्या पुढे लोखंडी सळ्यांच्या एका कारखान्यात होळीनंतर मला काम मिळालं. शेडमधली नेटवर्कला जोडलेली यंत्रं चालू आहेत की बंद, हे ऑफिसात बसून ब्राउझरमध्ये दिसायला हवं होतं. स्टोअरमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि त्यावर देखरेखीचा प्रोग्राम चढवला. त्याचं काम सोपं. दर मिनिटाला प्रत्येक यंत्राला त्याच्या पत्त्यावर हाक मारायची. उत्तर आलं तर हिरवा ठिपका, लागोपाठ तीन हाकांना आलं नाही तर लाल. तीन हा आकडा मीच भरला होता.

चाचणी म्हणून ऑफिसातल्या प्रिंटरची वायर उपटली. तीन मिनिटांत ठिपका लाल झाला. मॅनेजरांनी मान डोलावली आणि मी फुगले. शेडमधल्या एकाही यंत्राची वायर मी उपटून पाहिली नाही. पत्रे तापले होते, एवढ्या उन्हात कोण जाणार! तेव्हा मी त्याला आळस म्हटलं नव्हतं. आज म्हणते.

शेडच्या मागे जमिनीखाली पंपाचा खड्डा आहे. भट्टीचा गॅस कधीमधी तिथे साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. कळायच्या आत माणूस आडवा होतो. म्हणून खालच्या भिंतीवर गॅस ओळखणारी पेटी बसवलेली होती आणि तिच्यावर एक हिरवा दिवा. पंपावरचे एक काका दर तासाला अर्ध्या पायऱ्या उतरून तो दिवा पाहून यायचे आणि वहीत सही करायचे. ते गोंदियाकडचे, निवृत्तीला आलेले, गुडघे गेलेले. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे, एकटी दिसले की पोरी.

मी मॅनेजरांना सांगितलं, पेटी नेटवर्कवर आहेच, बंद पडली तर लाल दिसेल. काकांच्या फेऱ्या कशाला?

फेऱ्या बंद झाल्या. काका रागावतील असं वाटलं होतं, पण ते खूश झाले. दुसऱ्या दिवशी डब्यातून माझ्यासाठी फरा घेऊन आले. म्हणाले, "बरं केलं पोरी. गुडघे लय दुखून राहिले होते. आता तुयी स्क्रीनच उतरते म्हन माह्या बदल्यात." तांदळाचा तो फरा मी फोडणीतल्या तिळासकट चाटूनपुसून खाल्ला.

मग विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्राला कोणी कामासाठी हात लावत नाही. इलेक्ट्रिशियन भैयानं दहाला मेन स्विच पाडला. यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, सगळ्यांना बुंदी. फक्त भट्टी पुरती विझवत नाहीत, दाबून ठेवतात. सर्व्हर बॅटरीवर होता. सगळा पडदा लाल झालेला कसा दिसतो, ते पाहायची मला हौस होती, म्हणून जेवणानंतर मी लॅपटॉप उघडला.

प्रिंटर लाल होता, वजनकाटाही लाल. शेडमधलं मात्र सगळं हिरवं होतं.

क्रेन हिरवी, पंप हिरवा, खड्ड्यातली पेटी हिरवी. खिडकीतून क्रेन दिसत होती, माळ घालून, मुकी. मी पान ताजं केलं. वेळ बदलली, ठिपके तेच. मग कमांड द्यायच्या काळ्या खिडकीत स्वतः एकेकाला हाक मारली. ज्यांच्या अंगात वीज नव्हती ती सगळी उत्तरं देत होती, तीही एकाच वेळात, एकाच दमात. कोणी जरा मागे नाही, कोणी पुढे नाही. मला खरंच भीती वाटली, भर दुपारी, बुंदीचा द्रोण शेजारी असताना.

ऑफिसच्या भिंतीवर आधीच्या कोणीतरी लावलेली एक करडी पेटी होती, सर्व्हरच्याच बॅटरीवर चालणारी. ऑफिस आणि शेड यांच्यामधलं सगळं तिच्यातून जायचं. मी तिची वायर काढली आणि काळ्या खिडकीतली शेडची सगळी उत्तरं एका झटक्यात थांबली. आत कोणी असो-नसो, दारातून हीच सगळ्यांच्या नावानं ओ देत होती. मग होळीपासून खड्डा ठीक आहे असं मला कोण सांगत होतं?

मी धावत शेडमध्ये गेले. "काका कुठे आहेत?"

"फूल लेके नीचे गए हैं, दीदी," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "बोले, मेरा पंप बिना फूल का कैसे रहेगा."

खड्ड्याच्या तोंडाशी उभं राहून मी ओरडले, "काका!" खाली अंधार होता आणि उदबत्तीचा बारीक लाल ठिपका. दुसऱ्यांदा ओरडले. काहीच नाही. मी पहिल्या पायरीवर पाय टाकला तसा इलेक्ट्रिशियननं माझा दंड घट्ट धरला. मग तिसरी हाक मारली. ती हाक नव्हती, किंकाळी होती.

"ओ," खालून आलं.

माझा विश्वास बसला नाही. "कोण? काका, बोला काहीतरी! मला डब्यातून काय आणलं होतं?"

मग पायरी वाजली. "फरा," कोणीतरी म्हणालं.

कठडा धरून काका वर आले आणि बाहेरच्या उन्हात फतकल मारून बसले. बुंदी ओकले. मुठीत झेंडूचं फूल तसंच होतं.

"दिवा दिसे ना, म्हनून जवळ गेलो," ते म्हणाले. "तुयी पहिलीच हाक आयकू आली होती, पोरी. ओ देऊन राहिलो होतो. आवाजच निघे ना."

त्यांना दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत ते ठीक झाले. नंतर खड्ड्यातली गॅसची पेटी वर काढली, तेव्हा तिच्या जाळीवर कुंभारमाशीचं मातीचं घर होतं, वाळून कडक झालेलं. पिल्लं भोकं पाडून केव्हाच उडून गेली होती. म्हणजे वीज असती तरी तिला गॅस कळला नसता. ती पेटी हातात घेऊन मी मॅनेजरांकडे गेले आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. आता तो प्रोग्राम नुसती हाक मारत नाही. हवेत किती गॅस आहे ते नव्या पेटीला विचारतो, आणि ते फक्त तिलाच ठाऊक असतं. फेऱ्याही पुन्हा सुरू झाल्या आहेत.

आई आता थकली आहे. मागच्या खोलीत पडून असते. मी हाक मारते, ती ओ देते, तरी मी हातातलं काम टाकून आत जाते.

"काहून आली?" ती चिडते. "ओ दिली ना मी!"

"हव, दिली," मी म्हणते आणि तिच्या कपाळाला हात लावून बघते.